दुपट्याची उलटी बाजू

बाळंतविडा म्हणजे ताटात मांडायचं प्रकरण. टोपडं, मोजे, स्वेटर, दुपटं, सगळं मांडायचं आणि बारशाला आलेल्या बायका एकेक वस्तू उचलून निरखणार. म्हणून आम्ही क्रोशावाल्या सगळ्याजणी काम संपलं की दोऱ्याला घट्ट गाठ मारतो आणि टोक अगदी बुडाशी कापतो. ताटात कसं सफाईदार दिसतं!

माझी नात दिवस भरायच्या आधीच जन्मली. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आली, बारसं झालं, माझ्या दुपट्याची वाहवाही झाली. आणि थोड्याच दिवसांत लेकीचा रडत फोन. कुणीतरी दिलेल्या विणलेल्या मोज्याची गाठ धुण्यात सुटली होती आणि आतला दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला आवळला होता. बोट लालबुंद. वेळेवर दिसलं म्हणून निभावलं.

मी कर्वेनगरहून रिक्षानं तिचं मांजरी गावातलं घर गाठलं, तोवर तिनं घरातली विणलेली प्रत्येक वस्तू पिशवीत भरून दाराशी ठेवली होती. माझं दुपटंसुद्धा.

"अगं, ते मोजे मी नव्हते केले!"

"आई, दोरा तो दोराच. आणि प्लीज, बाळाला आत्ता कुणी घेऊ नका."

कुणी! मी 'कुणी' झाले होय? असा संताप आला म्हणून सांगू! पण तिच्याकडे बघितलं आणि राग ओसरला. त्या पेटीच्या काचेला हात लावून बसून बसून पोरीचा कशावरच विश्वास उरला नव्हता. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी पिशवी उचलली आणि घरी आले.

दुपटं उलटं केलं, एक गाठ नखानं ओढली. सुटली की हो! लेकीचं बरोबर होतं. मग मी कात्री घेतली आणि दुपट्याचे एकमेकांना जोडलेले क्रोशाचे चौकोन सुटे केले.

शेजारीण कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, इतकं सुंदर झालेलं! उलटी बाजू कोण बघतंय?"

"बाळाच्या अंगाला तीच लागते," मी म्हटलं.

मोठ्या नेढ्याची बोथट सुई हवी होती, ती आणायला सदाशिव पेठेत गेले. दुकानदार म्हणाला, "बोथट? सगळे टोकदार मागतात." म्हटलं, मला टोचायचं नाहीये, तुम्ही सुई काढा.

आधीची टोकं बुडाशी कापलेली, म्हणून प्रत्येक चौकोनाची शेवटची फेरी उसवली, नव्या दोऱ्यानं विणली आणि टोकं वीत-वीतभर लांब ठेवली. शेवटच्या टाक्यातून दोरा ओढून घेतला, मग सुईनं टाक्यांच्या पोटातून एका दिशेला नेला. टाक्याचा एक धागा सोडून उलट फिरवला, की तो स्वतःलाच अडकून बसतो. पुन्हा एकदा पुढे. मग चौकोन चांगला ताणायचा आणि मगच टोक कापायचं, म्हणजे ते आत सरकतं. मान धरली, डोळ्यांची आग झाली. लेकानं विचारलं, "नवीन विकत आणूया का?" त्याच्याकडे असं काही बघितलं की तो उठून चहा टाकायला गेला. चौकोन पुन्हा जोडले, त्या जोडाची टोकंही तशीच मुरवली. शेवटी दुपटं मशीनमध्ये टाकलं, पिळलं, पुन्हा टाकलं. एक टोक डोकं काढेल तर शपथ!

दुपटं घेऊन पुन्हा लेकीकडे गेले. तिनं ते हातात घेतलं, खिडकीशी नेलं. वाहवा नाही की काही नाही. उलट्या बाजूवरून बोटं फिरवत गेली, जिथे शंका आली तिथे नख घालून ओढलं. चांगलं जोर लावून ओढलं. एवढ्या वर्षांत माझं काम असं कुणी तपासलं नव्हतं आणि ते कुणीतरी असं तपासायलाच हवं होतं.

सगळे कोपरे झाले. तिनं दुपटं पलंगावर अंथरलं, नातीला त्यावर ठेवलं, पायाकडून गुंडाळलं. मग उचलून माझ्यासमोर आली.

"आई, हात धुतलेस ना?"

"धुतलेत."

"मग घे तिला."