मेथीवाल्या मावशींचा मास्क

मंडळी, सध्या नाशकात घरोघरी व्हायरल ताप आहे, म्हणून आज सकाळी भाजीबाजारात मी जरा जपूनच फिरत होते.

नेहमीच्या मेथीवाल्या मावशींनी मास्क लावलेला दिसला. मला लगेच शंका आली. लांबूनच विचारलं, “मावशी, ताप आहे का?”

“मला नाय. गिऱ्हाईकं खोकत येतात, अन् घरी सून बाळंतीण हाय.”

मला काही ते पटलं नाही. शेजारच्या दादाच्या तोंडावर मास्क नव्हता, त्याच्याकडून मेथी घेतली. पिशवी उघडेना म्हणून त्याने तिच्यात जोरात फुंकर मारली, तिच्यावरच खोकला आणि मेथी भरून दिली.

ती मेथी अजून ओट्यावर पडून आहे, निवडायला हात धजत नाही.

तोंड झाकलेल्या माणसाचीच आपल्याला आधी शंका का येते?