मिऱ्यांच्या डब्यातली गुलबक्षी

बागकाकूंना राग येतो म्हणण्यात काही अर्थ नाही. राग त्यांच्या नाकावरच मुक्कामाला असतो. तो कधी थोडा पेंगतो, एवढंच. पण यंदाच्या वसंतात त्याला पेंगायलाही फुरसत मिळाली नव्हती, आणि त्याचं कारण होतं त्यांचा नवरा.

नवरा म्हणजे एका कारखान्यातला स्टोअरकीपर. चौतीस वर्षं त्याने नट, बोल्ट, वॉशर आणि पट्टे सांभाळले. दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाला. सहकाऱ्यांनी हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि हा माणूस सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत काकूंच्या ताब्यात दिला. पहिले चार दिवस त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि म्हणाला, "अगं, इथे काही सिस्टिमच नाही!"

सिस्टिम नाही म्हणे. छत्तीस वर्षं दोन वेळा गरम जेवण ताटात पडलं ते काय आकाशातून?

काकूंची सिस्टिम डोक्यात होती. चपट्या डब्यात साखर, उंच डब्यात पीठ, हिरव्या झाकणाखाली मिरे. कशावर नाव नाही आणि कशाला हवं? स्वतःच्या मुलांच्या कपाळावर कोणी नावं लिहून ठेवतं का? पण स्टोअरकीपरला नाव नसलेली वस्तू दिसली की अंगावर झुरळ चढल्यासारखं होतं. त्याने पांढऱ्या चिठ्ठ्या आणल्या, कारखान्यातल्या त्या तिरक्या अक्षरात लेबलं लिहिली आणि आठवड्याभरात सगळं कपाट चिठ्ठ्यांनी भरून गेलं. 'मीठ बारीक'. 'मीठ जाड'. 'इतर'. या 'इतर'मध्ये काय होतं ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

"मला विचारलं का?" काकूंनी पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं.

"विचारायचं काय त्यात? तुझीच सोय केली."

विचारायचं काय त्यात! लग्न झाल्यापासून हे वाक्य काकूंनी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते नुसतं सुरू झालं तरी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सोफा बदलला तेव्हा हेच. मुलीला लांबच्या कॉलेजात घातलं तेव्हा हेच. आता गाडी मिठाच्या डब्यापर्यंत आली होती.

तरी काकू गप्प बसल्या, कारण बाहेर माती तयार होत होती. थंडी सरली होती, सकाळचं ऊन पाठीला बरं वाटत होतं, आणि तळमजल्यावरच्या त्यांच्या घराच्या खिडकीखाली जो हातभर रुंदीचा पट्टा होता, त्यावर काकूंचा जीव होता. सगळी इमारत त्यांना बागकाकू म्हणायची ती त्या पट्ट्यामुळेच. डेझी डोकं वर काढत होती, पेटुनियाची रोपं कुंडीतून वाफ्यात गेली होती, दोन गुलाबांना लालसर कोंब फुटले होते. भिंतीलगतची एक ओळ मात्र काकूंनी मोकळी ठेवली होती. भुसभुशीत करून, खत मिसळून, पाणी मारून. तिथे गुलबक्षी लावायची होती.

गुलबक्षी काय, कुठेही उगवते, असं म्हणणाऱ्यांनी ही गुलबक्षी बघितलेली नाही. काकूंच्या आईची होती ती. एकाच फुलाचा अर्धा भाग पिवळा, अर्धा गडद गुलाबी, आणि एक फूल दुसऱ्यासारखं नाही. आईच्या घरात घड्याळ होतं, पण ते बंद. संध्याकाळी गुलबक्षी उमलायला लागली की आई उठायची, पदर खोचायची, "चला, चुलीची वेळ झाली" म्हणायची आणि मटार सोलायला बसायची. आई गेली. घर विकलं गेलं. घेणाऱ्याने पहिलं काम काय केलं, तर अंगणभर फरशी टाकली. उरली ती काकूंच्या खिडकीखालची दोन झुडपं. गेल्या वर्षी काकू बहिणीकडे आठ दिवस गेल्या होत्या तेव्हा पाइप टाकणाऱ्यांनी भिंतीलगत चर खणला आणि कंदासकट ती झुडपंही मातीबरोबर ट्रकमध्ये घालून नेली. नशीब, जाण्याआधी काकूंनी बी गोळा केलं होतं. दोन मुठी काळं, टणक बी. लाल झाकणाच्या बाटलीत भरून मिऱ्यांच्या शेजारी ठेवलं होतं, कारण घरातला सगळ्यात कोरडा कोपरा तोच. जगात त्या गुलबक्षीचं तेवढंच उरलं होतं.

तर त्या दिवशी दुपारी काकू मातीने भरलेल्या हातांनी स्वयंपाकघरात आल्या. स्टोअरकीपर अॅप्रन बांधून गॅससमोर उभा होता. सलग तिसऱ्या दिवशी बटाट्याचं सूप चाललं होतं.

"बरी आलीस, चव बघ. हे मिरे एकदम मिळमिळीत निघाले गं. तीन चमचे पूड घातली तरी काही लागतच नाही. दुकानदाराने टोपी घातली आपल्याला."

"असतील जुने," म्हणत काकूंनी कपाट उघडलं. लाल झाकण दिसेना. 'मिरे' असं लेबल लावलेली एक मोठी बरणी दिसत होती, काठोकाठ भरलेली.

"अहो, माझी बाटली कुठे गेली? लाल झाकणाची?"

"ती होय? ती धुऊन वर ठेवली. मिरे दोन ठिकाणी ठेवले होतेस. डबल स्टॉक! एकाच बरणीत केले."

काकूंनी बरणी काढली आणि ताटात उपडी केली. मिरे आणि गुलबक्षीचं बी, दोन्ही काळं, दोन्ही वाटाण्याहून लहान. लांबून बघणाऱ्याला फरक कळायचा नाही. पण जवळून कळतो हो! मिऱ्यावर सुरकुत्या असतात, या बीवर उभ्या शिरा आणि टोकाला बारीक बोंड. जो माणूस पाव इंचाचा नट आणि तीन अष्टमांशाचा नट अंधारात हाताने ओळखायचा, त्याला हे दिसलं नाही!

"हे मिरे आहेत?" काकूंचा आवाज चिरका झाला. "हे मिरे आहेत तुमचे? बी आहे ते! गुलबक्षीचं! तीन दिवस तुम्ही फुलांचं बी कुटून सुपात घालताय!"

स्टोअरकीपरने हातातला डाव खाली ठेवला. "म्हणजे परवापासून माझं पोट जे..."

"बिघडणारच! पोटाला बाधतं ते! बरं झालं, अजून बिघडायला हवं होतं!"

"पण तू लेबल..."

"लेबलाचं नाव काढाल तर बघा! मला एका शब्दाने विचारता आलं नाही? एका शब्दाने? घरी बसून जेमतेम दोन महिने झाले आणि माझ्या डोक्यावर मिरे वाटायला बसलात. आणि तेही मिरे नाहीतच!"

एरवी या बोलण्यावर दोघंही हसले असते. आज कोणी हसलं नाही. तो गॅस बंद करून बाजूला झाला. काकूंनी ताट खिडकीपाशी नेलं, हात धुतले, चष्मा लावला आणि निवडायला बसल्या. तांदळातले खडे काढण्यात हयात गेलेली बाई ती, बोटं भराभर चालत होती. मिरा इकडे, बी तिकडे. आणि बोटांबरोबर तोंडाचा पट्टाही. सोफ्यापासून कॉलेजपर्यंत सगळं निघालं. सासूबाईंच्या वेळचंही निघालं. स्टोअरकीपर दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिला, कारण ऐकण्यासारखंच होतं ते.

तासाभराने वाटीत त्रेपन्न बिया जमल्या. बाकीच्या सुपात गेल्या होत्या. त्रेपन्नसुद्धा खूप झाल्या. निम्म्या रुजल्या तरी भिंत भरून जाईल. काकूंचा श्वास जरा खाली बसला. ओळ तयार होती, ऊन उतरलं होतं, आत्ताच लावून टाकायचं म्हणून त्या वाटी घेऊन उठल्या.

तेव्हा तो चाचरत म्हणाला, "अगं... भाजल्यावर रुजतं ना ते?"

"काय भाजल्यावर?"

"एकत्र केल्यावर सगळे भाजून घेतले. मंद आचेवर. कीड लागू नये म्हणून."

काकूंनी एक बी दाताखाली धरली. ती कडकन फुटली. आतलं पांढरं पीठ तपकिरी झालं होतं आणि त्याला खमंग वास येत होता.

मग काकू जे ओरडल्या, ते इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. त्यांनी ते 'मिरे'चं लेबल फाडलं, 'मीठ बारीक'चं फाडलं, 'इतर'चंही फाडलं. "माझ्या आईचं एवढंच होतं!" त्या म्हणत होत्या. "बांगड्या भावाने घेतल्या, घर गेलं, मी काही बोलले नाही. मी काही मागितलं का कुणाकडे? हे एवढं एक झाड होतं माझं! तेही भाजून खाल्लंत तुम्ही!" आणि त्या रडायला लागल्या, पण ते रडणं मऊ नव्हतं. हातात काही असतं तर फेकून मारलं असतं.

स्टोअरकीपरचा चेहरा पार पडला होता. हे झाड बायकोच्या आईचं आहे हे त्याला माहीतच नव्हतं, कारण त्याने कधी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "चुकलं माझं. शंभर वेळा चुकलं." मग स्टोअरमध्ये माल संपल्यावर जसा विचार करायचा तसा विचार करून म्हणाला, "पण इतक्या वर्षांत कुणाला तरी दिलं असशील ना बी? त्यांच्याकडून आणू. मी जातो, मी पाया पडतो त्यांच्या."

काकूंचा हुंदका मध्येच थांबला.

कुणाला दिलं होतं? मागितलं तर सगळ्यांनीच होतं. समोरच्या मास्तरीणबाईंनी, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या आईने, दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरीणबाईने तर तीनदा. येणारा-जाणारा कुंपणाशी थांबायचा, "काकू, काय रंग आहे हो!" म्हणायचा, आणि काकूंना आतून गुदगुल्या व्हायच्या. आपल्याकडेच आहे ते दुसऱ्याच्या कुंडीत कशाला, असं वाटायचं. त्यांनी कुणालाच दिलं नव्हतं. सगळ्यांना एकच उत्तर ठरलेलं होतं.

"नका येऊ तुम्ही," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसून जिना चढल्या.

टेलरीणबाई मशिनवर होती. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. काकूंना दारात बघून तिने टाचण्या काढल्या आणि घाईघाईने खुर्चीवरचे कपडे उचलले. काकू इतक्या वर्षांत कधी वर आल्या नव्हत्या.

"बसत नाही," काकू म्हणाल्या. मागायचं कसं ते त्यांना येत नव्हतं, म्हणून त्या भांडायला आल्यासारख्या बोलल्या. "माझी गुलबक्षी होती ना दोन रंगांची? तुम्ही कधी... म्हणजे खाली पडलेलं बी उचललं होतं का? असेल तर स्पष्ट सांगा, मी काही बोलणार नाही."

टेलरीणबाई ओशाळली. "खोटं कशाला बोलू, काकू? उचललं होतं. कुंपणाबाहेर रस्त्यावर पडलेलं, मूठभर. रुमालात बांधून ठेवलं होतं."

"कुठे आहे?" काकूंनी दाराची कडी घट्ट धरली.

"टाकलं हो. झाली दोन वर्षं." ती अगदी सरळ मनाने सांगत होती. "कुंडी भरून ठेवली होती, लावणारच होते. पण मग तुम्हाला परत विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात ना, आमचं बी दुसऱ्या मातीत रुजतच नाही म्हणून. तुमच्याएवढं फुलांतलं कुणाला कळतं? म्हटलं, उगाच कुंडी कशाला अडवा. त्यात पुदिना लावला."

गॅलरीत खरंच पुदिना होता. चांगला दाट.

काकू जिना उतरून आल्या. नवरा दारातच उभा होता, अॅप्रन तसाच. "मिळालं का गं?"

"नाही. टाकलं तिने."

"टाकलं? असं कसं टाकलं? काय बाई आहे!" तो एकदम तापला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला कुणावर तरी चिडायला मिळत होतं. "जरा विचारायचं तरी!"

"विचारलं होतं तिने," काकू म्हणाल्या. "तीनदा विचारलं. मीच सांगितलं, दुसरीकडे रुजत नाही म्हणून. सगळ्या इमारतीला सांगितलं." त्यांचा आवाज पुन्हा वर चढला, पण आता तो कुणावर टाकायचा ते त्यांना कळेना. "गटाराच्या कडेला टाकलं असतं तरी रुजलं असतं हो ते! बघता काय? ओरडा की माझ्यावर!"