एकेचाळीस फोडी

नोव्हेंबरातला दुसरा रविवार. रक्कम अकराशे रुपये. हजर माणसं त्रेसष्ट, लहान मुलं धरून. मी ती मोजली होती, कारण प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचं मी सोडून दिलं होतं.

अमरावतीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्या दिवशी कापणीचा सण होता. कुणी सोयाबीन आणतं, कुणी मोर्शीची संत्री, कुणी कोंबडी. उपासना झाली की सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात. शेवटची बोली ठरली की सगळे घेणाऱ्याकडे बघून "परत!" म्हणून ओरडतात. मग तो ती वस्तू पुन्हा दान करतो आणि बोली नव्याने सुरू होते. एक अंडं सात वेळा विकलेलं मी पाहिलं आहे.

माझी बायको दर वर्षी कैरीच्या लोणच्याची बरणी द्यायची. ती जाऊन चौदा महिने झाले होते. अमरावतीत मशीनला नंबर लागत नव्हता, म्हणून तिच्या डायलिसिससाठी आम्ही आठवड्यातून दोनदा बसने अकोल्याला जायचो. एकशे चार फेऱ्या झाल्या. बस सुटली की ती डोळे मिटून प्रभूचे आभार मानायची. एकदा मी चिडून विचारलं, "कायचे आभार मानून राहिली?"

"सीट भेटली नं जी," ती म्हणाली.

तिच्या हातची शेवटची बरणी घरात होती, काठाचा टवका उडालेली. त्यातली मी फक्त रविवारी खायचो, एकच फोड. ती फोड ताटात असली की घरात आणखी कुणी आहे असं वाटायचं. बाकीचे सहा दिवस तसं वाटत नसे.

सणाच्या वहीत, देणाऱ्यांच्या यादीत, तिची ओळ रिकामी राहू नये म्हणून मी बाजारातलं लोणचं आणलं, तिच्याच दुसऱ्या बरणीत भरलं आणि तोंडावर तिच्याच फडक्याचा दादरा बांधला. सकाळी दोन्ही बरण्या ओट्यावर होत्या. घाईत मी चुकीची उचलली.

लिलाव पुकारणाऱ्या काकांनी दादरा सोडला, तेव्हा बरणीच्या काठावरचा टवका मला दिसला. काकांनी वास घेतला. "बाप्पा! हे तं वहिनीच्या हातचं हाय!"

शंभरापासून बोली थेट चारशेवर गेली. मी म्हणालो, "पाचशे."

"आपलंच लोणचं आपणच घेता काय जी?" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नर्सबाई मात्र मागे हटेनात. त्यांनी उभं राहून हजार म्हटलं, मी अकराशे. त्या वळून म्हणाल्या, "भाऊ, काहून इतकं ताणून राहिले? तिची आठवण मले बी पायजे."

"शेवटची आहे," मी म्हणालो.

चौदा महिन्यांत मंडळीत मी मोठ्याने बोललेलं ते पहिलं वाक्य. नर्सबाई खाली बसल्या. बरणी माझ्या हातात आली. आणि "परत!" असं कुणीच ओरडलं नाही. त्रेसष्ट माणसं माझ्यासाठी गप्प बसली होती. बरणी घट्ट धरून मी उभा होतो, आणि घरच्या स्वयंपाकघरात असतो तितकाच एकटा होतो. ती असती तर सगळ्यांत आधी तीच ओरडली असती.

"परत," मीच म्हणालो. "पण बोली नको. जेवणात वाढा."

बरणीत एकेचाळीस फोडी होत्या. बायकांनी प्रत्येक फोडीचे दोन तुकडे केले. वाढता वाढता एक जण म्हणाली, "भाऊ, वरचं तेल किती खाली गेलं! अजून महिनाभर ठेवलं असतं तं बुरशी धरली असती."

काकांनी जेवणाआधीची प्रार्थना मला करायला सांगितली. डोळे मिटले आणि म्हणालो, "प्रभू, बसायला जागा मिळाली. आभार." आमेन सगळ्यांनी म्हटलं. जागेचे आभार का, ते फक्त मला ठाऊक होतं.

नर्सबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी आपला तुकडा शेवटपर्यंत ताटाच्या कडेला ठेवला होता.

खिशात सहाशे चाळीस होते, ते मी त्याच दिवशी मंडळीच्या खजिनदारांना दिले. उरलेले चारशे साठ पुढच्या रविवारी त्यांनाच. पावती माझ्या नावाची आहे. सणाच्या वहीत देणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव आहे.