पूजेत बसलेला गेमचा डबा

माझं वय पंचेचाळीस, शिक्षण चौथी नापास, आणि मला गेम खेळायचा होता. घरी एवढंच सांगायचं होतं. ते सांगायला मला अडीच महिने लागले.

आमचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना हाय. कारखाना म्हंजे काय, घराच्या पुढच्या खोलीत सहा शिलाई मशीन आणि मागच्या बाजूला माझं कापायचं टेबल. थोरला भाऊ मालक, त्यांना आमी समदे अण्णा म्हणतो. मी कटिंग मास्तर. शाळा सोडून पळालेल्या माणसाला उभी गल्ली मास्तर म्हणते, हे फक्त सोलापुरातच हुतंय.

कापडाचे साठ थर एकावर एक लावायचे, वर पुठ्ठ्याचा पॅटर्न ठेवायचा आणि विजेच्या कटरनं कापत जायचं. नजर आणि हात लागतो, वाचायला काय लागत न्हाय. तरीबी एकदा मी शंभर शर्टांच्या समद्या बाह्या डाव्याच कापल्या. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, की आता दोन्ही हात डावे असलेली पोरं कुठल्या शाळेत हायेत ते हुडकून ये.

माझं गेमचं येड जुनं हाय. चौथीत होतो तवा बसस्टँडच्या मागं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मी दप्तर घेऊन घरातनं निघायचो आणि तितं जाऊन उभा ऱ्हायचो. शाळेत मास्तरांना वाटायचं पोरगं आजारी हाय. घरी वाटायचं पोरगं शिकायलंय. मला वाटायचं मी लई हुशार हाय. एक दिवस मोटारीची शर्यत चालली होती, मी तिसरा होतो, शेवटचं वळण आलं होतं, आणि मागनं माझा कान कुणीतरी धरला. अण्णा होते. त्या कानाला धरून त्यांनी मला जे घरी आणलं ते थेट कापायच्या टेबलापाशी उभं केलं. ती शर्यत तशीच ऱ्हायली. मी आयुष्यात कशातच तिसरा आलो न्हाय, त्या दिवशी आलो असतो.

तर यंदा हातात थोडं आलं तवा मी ठरवलं, आता घरात गेम आणायचा. पण तोंड उघडायची हिंमत हुईना. मग मी पोरीला पुढं केलं. जेवताना म्हणलं, पोरगी कॉलेजला हाय, तिच्यासाठी एखादा चांगला कंप्युटर घ्यावा म्हणतोय, मोठ्या पडद्याचा, रंगीत लाईटीचा. त्यात गेमबी चालतात म्हणे, चालले तर चालले.

समद्यांना आवडलं. बायको म्हणली, पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला. अण्णांनी तर तितल्या तितं कंप्युटर कुठं ठेवायचा ते सांगितलं. त्यांच्या खुर्चीजवळ. बिलं काढायला बरं पडंल, शाळांचे ऑर्डर बगता येतील, मापाचे तक्ते करता येतील. माझा घास तोंडातच ऱ्हायला. कंप्युटर अजून दुकानातच होता आणि अण्णांनी त्याला कामाला लावलाबी.

पुढच्या रविवारी मी पोरीला स्कूटरवर बसवलं आणि नवी पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. गेमिंग कंप्युटर पुढं ठेवला आणि बोलायला लागला. रॅम, प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, पंखे किती. मी समद्याला मान हलवली. रॅम किती घालू म्हणला तर मी म्हणलं, घाला की तुमच्या हातानं, जरा जास्तच घाला. जणू चिवडा बांधून घ्यायलोय.

मग त्यानं मला खुर्चीत बसवलं आणि बगा चालवून म्हणला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. समोर शंभरेक बटणं आणि समद्यांवर अक्षरं. मराठी मी बोट ठेवून ठेवून वाचतो, इंग्रजी आलं की हात जोडतो. मी गंभीर तोंड करून बसलो. दुकानदारानं वाट बगितली. मी पुन्हा मान हलवली. शेवटी म्हणलं, चांगला हाय, गार लागतो.

पोरगी हसली न्हाय. तिनं दुकानदाराला विचारलं, टीव्हीला जोडायचं ते गेमचं मशीन हाय का. त्यानं एक डबा काढला. त्याला कन्सोल म्हणतात. पण तो काढताना त्याचं तोंड पडलं होतं. साहेब, म्हणला, मी खोटं सांगणार न्हाय, ह्यात नुसतं खेळता येतं. कंप्युटरवर अभ्यास हुतो, हिशेब हुतो, उद्या पार्ट वाढवता येतात, गेमबी स्वस्त पडतात. ह्याच्यात दुसरं काय हुत न्हाय.

मी विचारलं, बिलं?

न्हाय.

मापाचे तक्ते?

न्हाय हो साहेब, म्हणलो की, खेळ सोडून काय न्हाय.

पंचेचाळीस वर्षांत कुठल्या वस्तूची एवढी चांगली शिफारस मी ऐकली नव्हती.

त्यानं त्या डब्याचं हातात धरायचं यंत्र माझ्या हातात दिलं. त्याच्यावर अक्षर नव्हतं. चौकोन, गोल, त्रिकोण आणि फुली. मला वाटलं माझे पॅटर्नच कुणीतरी बारीक करून चिकटवलेत. विचारलं, पुढं जायला काय दाबायचं? तो म्हणला, फुली. मी पुन्हा विचारलं, नक्की फुली? माझ्या वहीवर मास्तरांनी चार वर्षं फुल्याच मारल्या होत्या. आणि हितं फुली म्हंजे बरोबर, चला पुढं. मी ते बटण उगाच चारदा दाबलं.

तरीबी मी दुकानदाराला म्हणलं, कंप्युटरच बांधा. कारण घरी काय सांगणार?

पोरीनं मला बाहेर बोलावलं. तिच्याकडं लॅपटॉप हाय, बारावीनंतर घेतलेला. आमची बिलंबी तीच त्याच्यावर काढती. ती स्कूटरला टेकून म्हणली, "पप्पा, मला कंप्युटर नकोय. माझ्या नावावर खपवू नका. खेळायचंय तर मला खेळायचंय म्हणा की."

मी म्हणलं, अण्णा काय म्हणतील.

"काय म्हणतील? तुमच्या कानापातुर आता त्यांचा हात पोचतो का?"

एवढ्याशा पोरीनं असं बोलावं! खरं तर उत्तर होतं. अण्णांची उंची बगता हात पोचतो. पण ते मी सांगितलं न्हाय. काहीच न घेता आमी घरी आलो.

संध्याकाळी अण्णा पुढच्या खोलीत गणवेशांचे गठ्ठे मोजत होते. मी जाऊन उभा ऱ्हायलो. आदी पाणी प्यालो, मग पंखा वाढवला, मग कमी केला. अण्णा वर न बगताच म्हणले, "काय कापलंस बे?"

मी म्हणलं, "काय कापलं न्हाय. अण्णा, कंप्युटर घेत न्हाय. गेमचा डबा घेतोय. पोरीसाठी न्हाय, माझ्यासाठी. मला खेळायचंय."

शिलाईच्या दोन बायका अजून बसल्या होत्या. त्यांची मशीनं थांबली. अण्णांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. आदी त्यांनी माझ्या पांढऱ्या मिशीकडं बगितलं. मग विचारलं, त्यानं काय कामं हुतात. मी म्हणलं, काय हुत न्हाय, म्हणूनच घेतोय. दिवसभर मी साठ थर कापतो. त्यातला एकबी थर माझ्या अंगावर येत न्हाय. आता एक वस्तू मला अशी पायजे की जिच्यातनं कुणाला काय मिळत न्हाय.

हे एवढं लांब मी लग्नातबी बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर मी शहाण्यासारखा शेजारच्या गठ्ठ्यावर बसलो. तो गठ्ठा सुटला आणि मी शर्टांसकट खाली.

अण्णा हसले न्हाईत. म्हणले, "ह्या घरात मशीन एकाच जातीचं येतं. दसऱ्याला पूजेत बसतं ते. तुझा डबा पूजेत बसणार हाय का?"

आमच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, समदी मशीनं पुसून, तेल घालून पूजतात. कात्र्या, कटर, इस्त्री, टेप, समदं ओळीनं मांडायचं. ज्याच्यावर घर चालतं ते त्या ओळीत. बाकीच्याला तितं जागा न्हाय. अण्णांना वाटलं, आता ह्याची बोलती बंद. मी खाली पडलेल्या शर्टांतनं म्हणलं, "बसणार. मी बसवणार."

आणि आणला. नवमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आणला, मुद्दाम. कारण नवमी आणि दसरा, लागून दोन दिवस कारखाना बंद. असली सुट्टी आमाला वर्षात दिवाळी सोडली तर मिळत न्हाय. दोन दिवस झोप न्हाय, जेवण न्हाय, नुसती मोटार पळवायची, असं मी ठरवलं होतं. बायकोला सांगून ठेवलं, मला हाक मारू नको. ती म्हणली, अवो, एरवी तरी कोण मारतंय.

सकाळी अंघोळ केली, नवा सदरा घातला. अण्णा ओळ मांडत होते. मी माझा डबा खोक्यातनं काढला आणि नेऊन बरोब्बर माझ्या कटरच्या शेजारी ठेवला. समोर हातातलं ते यंत्र ठेवलं. शिलाईच्या बायका पूजेला आल्या होत्या. त्या तेलुगूत एकमेकींशी काहीतरी बोलल्या आणि पदर तोंडाला लावला. एवढं तेलुगू मला येतं, पण हितं सांगण्यासारखं न्हाय.

मी कुणाकडं बगितलं न्हाय. छाती पुढं काढून उभा ऱ्हायलो.

अण्णा ताट घेऊन एकेका मशीनपाशी थांबत आले. शिलाई मशीनला हळद-कुंकू. इस्त्रीला हळद-कुंकू. कटरला. मग डब्यापाशी आले आणि थांबले. मला वाटलं, आता उचलून बाजूला ठेवणार. ठेवला असता तर मी परत ठेवणार होतो. दहादा ठेवला असता तर दहादा. अण्णांनी बोट कुंकवात बुडवलं आणि डब्याला ठसठशीत टिळा लावला. वर झेंडूचं फूल ठेवलं. त्या हातातल्या यंत्रालाबी लावलं, नेमकं फुलीवर.

अण्णांनी नारळ फोडला, समद्यांना प्रसाद दिला आणि माझ्या हातावर खोबरं ठेवता ठेवता म्हणले, "पूजा झाली. आता उद्या सोनं वाटल्याशिवाय कुठल्या मशीनला हात लावायचा न्हाय."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. पूजलेलं मशीन दसऱ्यापर्यंत चालवत न्हाईत. हे मला लहानपणापासनं माहीत हाय. पोरं पुस्तकं पूजेला ठेवतात, ती दसऱ्यापर्यंत वाचत न्हाईत. माझी तर वर्षभर पूजेतच होती. आणि मीच, स्वतःच्या हातानं, नवा सदरा घालून, सुट्टीच्या दोन दिवसांसाठी आणलेला डबा त्या ओळीत नेऊन बसवला होता. घरात नुसता टीव्हीला जोडला असता तर कोण विचारत होतं?

बायको म्हणली, काय हुतंय, घ्या उचलून, देव काय बगत बसलाय व्हय. पोरगीबी म्हणली. मी म्हणलं, न्हाय. ज्याच्यासाठी भांडलो ते हेच होतं, की माझा डबाबी त्या कटरएवढाच मानाचा. मग कटर बंद तर डबा बंद. दीड दिवस मी त्या ओळीसमोर पाटावर बसून ऱ्हायलो. येणारा जाणारा विचारायचा, लई भक्ती वाढली की मास्तर. मी म्हणायचो, व्हय. झेंडूचं फूल दुपारपर्यंत सुकलं. मी त्याच्याकडं इतका वेळ बगितलं की त्याच्या पाकळ्यासुद्धा मोजून झाल्या.

दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं अण्णांच्या हातावर ठेवली, पाया पडलो आणि वाकलेलाच ऱ्हायलो. अण्णा म्हणले, "ऊठ. लाव."

लावला. कुंकवाचा टिळा मी पुसला न्हाय. टीव्हीवर इंग्रजी आलं. दुकानात जे झालं तेच झालं असतं, पण ह्या वेळेला मी मान हलवली न्हाय. पोरीला म्हणलं, मला वाचता येत न्हाय, तू वाच. ती वाचत गेली, मी फुली दाबत गेलो. मग मशीन म्हणलं, आता दोन तास थांबा, नवं काहीतरी उतरवून घ्यायचंय. दीड दिवस बसलेल्या माणसाला दोन तास काय. बसलो.

शर्यत सुरू झाली. मोटारी बारा होत्या, मी बारावा आलो. पहिली फेरी तर मी उलट्या दिशेनं मारली. दारात अण्णा उभे होते, कवापासनं ते ठाऊक न्हाय. म्हणले, "शेवटचा आला की बे."

मी म्हणलं, "येऊ द्या. पुन्हा लावतोय."

आता रोज सहाला मशीनं बंद झाली की मी पुढच्या खोलीतच टीव्ही लावतो. दार उघडं ठेवून. मागच्या खोलीत बसा, लोक बगतात, असं बायको म्हणती. बगू देत. पोरीचा हाय का, असं विचारतात. माझा हाय म्हणून सांगतो. अजून तिसरा आलो न्हाय. परवा सातवा आलो.

त्याच दिवशी एका शाळेचा माणूस मापं घेऊन आला होता. दारातनं मला बगून त्यानं अण्णांना विचारलं, मास्तर कामात हायेत का? मी यंत्र खाली ठेवायला लागलो. शेवटचं वळण आलं होतं.

अण्णांनी त्याच्याकडं खुर्ची सरकवली. "खेळायलाय तो," म्हणले. "बसा जरा."