गुण्याचं वाकडं अंगण

आमच्या शेजारच्या फरशीवाल्याला सगळे गुण्या म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं गवंड्याचं लोखंडी हत्यार. ते त्याच्या पिशवीत असे. नसे तेव्हा नजरेत असे. लग्नाला गेला तरी वधूवरांआधी कार्यालयाचे कोपरे बघून चुकचुकायचा. अशा माणसाच्या नशिबी घरामागचं अंगण आलं ते चौकोनी खरं, पण चारी बाजू चार तऱ्हेच्या आणि काटकोन औषधालाही नाही.

जन्मभर लोकांच्या जमिनी केल्या, आता एक फरशी स्वतःसाठी, हा त्याचा हट्ट. शिवणकाम करणाऱ्या बायकोला तिथेच बाग हवी होती. अखेर तह झाला : निम्मं निम्मं. गुण्याने समोरासमोरच्या दोन बाजूंचे मध्य काढून दोरी ताणली.

"तुमची बाजू मोठी वाटतेय," बायको म्हणाली.

"वाटण्यावर जाऊ नकोस. उभा जन्म मापं घेतलीत मी."

"मीपण घेतलीत. माणसांची. ती फरशीसारखी गप्प पडून राहत नाहीत."

तिने वर्तमानपत्रातून अंगण बेतलं, दोरीच्या रेषेवर कापलं आणि दोन्ही तुकडे चौरस चौरस कापून मोजले. गुण्याचा वाटा चांगलाच जास्त भरला.

"कागद दमट आहे," गुण्या म्हणाला.

तिने दुसरं अंगण कापलं. या खेपेला चारही बाजूंचे मध्य घेऊन शेजारशेजारचे जोडले आणि चार कोपरे छाटले. मध्ये तिरका, पण समोरासमोर समांतर बाजूंचा तुकडा उरला. मग कापलेले कोपरे फिरवून फिरवून तिने त्याच्यावर मांडले. चौघांनी मिळून तो बरोब्बर झाकला. दुसऱ्याच्या कामात शोधावी तशी गुण्याने फट शोधली. मिळेना.

"मधलं माझं!" तो घाईने म्हणाला.

"घ्या की. मला कोपरे चालतील."

इतक्या सहज होकार आला तेव्हाच त्याने सावध व्हायला हवं होतं. पांढरीशुभ्र फरशी झाली, वर खुर्ची आली, आणि पहिल्याच सकाळी बायको एका कोपऱ्यातून दुसऱ्यात निघाली. चिखलाच्या पायांनी, फरशीवरून.

"अगं, पाय!"

"मग काय उडत जाऊ?"

हल्ली झाडांना पाणी गुण्याच घालतो, दर कोपऱ्याला पाय पुसून. बायको खुर्चीत बसून काजं करते आणि कुठलं रोप कोरडं राहिलं ते सुईने दाखवते. रोपं काटकोनात आहेत.