देवाला दिलेला पत्ता

रक्ताची पिशवी स्टँडला लटकवली होती, नळी जोडली होती. फक्त रोलर सोडायचा बाकी होता. रोलर म्हणजे नळीवरचं छोटं चाक. ते फिरवलं की थेंब पडायला लागतात. दुपारचा एक वाजला होता आणि माझं लक्ष, खरं सांगते, डब्यातल्या वांग्याच्या भाजीकडे होतं.

बेडवर होत्या सुनंदाबाई वानखडे. अमरावतीच्या एका हॉस्पिटलात मी एकवीस वर्षं स्टाफ नर्स आहे. रक्त चढवण्याआधी, पेशंटची हरकत नसेल तर, त्याचा हात धरून दोन ओळींची प्रार्थना करायची ही माझी सवय. तीही नाव-गाव घेऊन. आईची शिकवण, ती पण नर्सच. "देवापुढे नुसतं 'पेशंट' म्हणू नये, माणसाचं नाव घ्यावं," म्हणायची. पण आठवड्यापूर्वी नव्या इन्चार्ज देशमुख सिस्टरांनी मला बोलावून घेतलं.

"साळवे सिस्टर, प्रार्थना मनातल्या मनात करत जा. देवाला तशीही ऐकू येते ना?"

तेव्हापासून मोठ्याने प्रार्थना बंद. राग गिळला होता, पचला मात्र नव्हता.

मी रोलरला हात लावला, तसं सुनंदाबाईंनी माझं मनगट धरलं. हात थंडगार पडलेला.

"सिस्टर, भेव वाटून राहिलं मले. तुमी ते प्रार्थना करता म्हणे. माह्यासाठी करा ना."

देशमुख सिस्टर शेजारच्याच बेडपाशी होत्या. असू देत. पेशंटच मागतोय तर नाही कशी म्हणू? मी फाइलवर नजर टाकली, डोळे मिटले आणि म्हटलं, "प्रभू येशू, बार्शीटाकळीच्या सुनंदाबाईंना हे रक्त मानवू दे."

"थांबा बाई!" सुनंदाबाईंनी हात ओढून घेतला. "देवाले चुकीचा पत्ता कावून सांगून राहिल्या? मी मूर्तिजापूरची हाय!"

माझे डोळे खाडकन उघडले. रोलरवरचा हात आधी काढला.

"तुमच्या मालकांचं नाव?"

"प्रल्हाद."

फाइलवर रामदास होतं.

नियम असा, की दोन नर्सनी पिशवी आणि फाइल ताडून पाहायची. आम्ही पाहिली होती. दुसरी सही देशमुख सिस्टरांचीच. सगळं जुळलं होतं, पण फाइलच दुसऱ्या सुनंदा वानखडेंची! वऱ्हाडात वानखडे म्हणून हाक मारा, अर्धा वॉर्ड ओ देईल. सकाळी बेड बदलताना फाइली इकडच्या तिकडे झाल्या होत्या. आणि मी पेशंटला काय विचारलं? "सुनंदाबाई वानखडे ना?" त्या "हो" म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं?

त्यांची खरी फाइल शोधून काढली. पिशवी बी पॉझिटिव्ह, या बाई ओ. ओ गटाच्या माणसाला बी गटाचं रक्त गेलं, की शरीर त्या रक्ताशीच भांडायला लागतं. किडनी बंद पडते, जीवही जातो. देशमुख सिस्टरांचा चेहरा पांढराफटक झाला. पिशवी उतरवली, डॉक्टरांना कळवलं, झाल्या प्रकाराचा रिपोर्ट आम्ही दोघींनी मिळून लिहिला. लपवाछपवी केली नाही.

बरोबर पिशवी आली. या वेळी सगळं पेशंटच्या तोंडून वदवून घेतलं. मी रोलरला हात लावणार, तोच देशमुख सिस्टर म्हणाल्या, "आधी प्रार्थना. आणि मोठ्याने."

केली. मूर्तिजापूरच्या, प्रल्हादरावांच्या सुनंदाबाई. त्यांनी एक डोळा उघडून मान डोलावली.

"आता पोचन देवाले."

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात नियम झाला: नाव-गाव आपण सांगायचं नाही, पेशंटला विचारायचं.

इतकी वर्षं मला वाटायचं, पेशंटची ओळख मी देवाला करून देते. त्याला काय, पत्ता पाठच होता. त्या दुपारी तो माझं मनगट धरून, वऱ्हाडीत, माझीच तपासणी करत होता. गार झालेली भाजी खाताना मी त्याचे मनापासून आभार मानले. आणि तेव्हापासून, डबा गार झाला तरी, हात धरणाऱ्या पेशंटला "एक मिनिट थांबा" म्हणायचं सोडून दिलं.