नैवेद्याचा पडदा

डोळ्यात पहिल्यांदा चमकलं तेव्हा मी जेवत होते. डाव्या डोळ्याच्या कडेला, कानाच्या बाजूला, उजेडाची एक कोर उमटली आणि विझली. त्याच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन काही आठवडे झाले होते. मोतीबिंदू म्हाताऱ्यांचा, असं मीही समजत होते; पण शाळेत असताना त्या डोळ्यावर विटी बसली होती, तिने ऐन पंचविशीत आपला हिशेब दाखवला. ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली तेव्हा आमच्या कोळवणच्या भातखाचरांचा हिरवा रंग एवढा हिरवा असतो हे मला नव्याने कळलं आणि मी बांधावर उभी राहून वेड्यासारखी हसले. आणि आता ही कोर. दुसऱ्या दिवशी काळे ठिपके आले, चिलटांसारखे. हाताने हाकलले तरी जाईनात.

आईला सांगितलं तेव्हा शेजारच्या पारूकाकी ओट्यावर बसल्या होत्या. "आगं, ही तर जोत हाय! देवी दर्शन देतीया तुला," त्या म्हणाल्या. दुपारपर्यंत आळीभर झालं आणि संध्याकाळी दोन बायका माझ्या पाया पडायला आल्या. मी वडिलांच्या पेटीतली समाजसुधारणेची पत्रकं वाचत वाढलेली. माझं डोकंच भडकलं. त्याच बैठकीला कागद ओढला आणि पत्रक लिहिलं, 'ही ज्योत नव्हे!' दुखण्याला देवाचं नाव देऊन बायकांना दवाखान्यापासून लांब ठेवलं जातं, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. त्यातला शब्द न् शब्द मला आजही पटतो. फक्त ज्योत नव्हे हे गावाला पटवण्याच्या नादात, मग हे आहे तरी काय, एवढं डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं. होत असेल ऑपरेशननंतर असं काहीतरी, म्हणून मी सोडून दिलं.

सकाळी आईला घेऊन पौडला निघाले. तिला बाजार करायचा होता, मला पत्रकाच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. जीप खच्चून भरलेली. वाटेत नाकाच्या बाजूने, खालून, काहीतरी काळं वर सरकू लागलं.

"आई, डोळ्यात पडदा ओढल्यासारखं होतंय गं."

"नैवेद्याच्या टायमाला देवळात ओढत्यात तसा?"

आमच्या देवळात नैवेद्य ठेवला की गाभाऱ्यापुढे पडदा ओढतात. देवी जेवेपर्यंत कुणी बघायचं नाही. लोक हात जोडून थांबतात. मी मात्र लहानपणापासून त्या वेळी पायरीवर जाऊन बसायचे. घरातल्या बायका उपाशी आणि इथे पडद्याआड जेवण, हे मला सोसवत नसे.

"तसाच," मी म्हटलं, "पण खालून."

समोरच्या बाकावर काळा चष्मा लावलेले एक वयस्क गृहस्थ होते. पौडात त्यांचं कापडाचं दुकान. बाजाराला जाणारी सगळी त्यांना चाचा म्हणत. आम्ही काही त्यांच्या ओळखीचे नव्हतो. ते एकदम पुढे वाकले. "पडदा म्हनली का, पोरी? आधी चमकत हुतं? काळं ठिपकं?" मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढला. एक डोळा दुधासारखा पांढरा होता. "माजंबी असंच झालं. लगीनसराई हाय, उद्या जाऊ म्हनलं. उद्यापातूर पडदा पुरा पडला." मग ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "संतोष, पौडात मान्सं उतरव आन् हिला सरळ पुन्याला ने. डोळ्याच्या दवाखान्यात."

"चाचा, परतीची मान्सं खोळंबली असतील की स्टँडवर!"

"खोळंबू दे," मागून एक बाई कडाडली. "मान्सं हायेत ती. दूध न्हाई नासाया!"

सगळी जीप हसली. संतोषही हसला. पौडात उतरताना त्या बाईने पिशवीतला नारळ माझ्या मांडीवर ठेवला. "देवीच्या ओटीचा हाय. असू दे तुज्यापाशी." नारळ फोडण्यावरही माझं एक जुनं पत्रक आहे. पण पिरंगुट मागे पडलं, भुगाव मागे पडलं, तरी मी तो नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. काळी कड वर येत होती आणि लिहिण्यावाचण्याशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं.

डॉक्टरांनी डोळ्यात पाहिलं आणि तेही तोच शब्द बोलले. "डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय. मधला भाग अजून जागेवर आहे. आज आलात, बरं केलंत." ऑपरेशन झालं. डोळ्यात औषधी वायूचा बुडबुडा सोडला. तो वर तरंगून पडदा दाबून धरणार, म्हणून मी पालथंच पडायचं, नाक जमिनीकडे, ते सांगतील तोवर.

घरी एवढ्या लांबीचं अंथरूण मावेल अशी जागा एकच, देवघरापुढची. आईने चादर अंथरली, मी पालथी झाले आणि आई खदखदून हसायला लागली. "बरी सापडली! जन्मात कुणापुढं वाकली न्हाईस. शेवटी डॉक्टरानं दंडवत घालाया लावला!" मलाही हसू आवरेना, डोळा हलेल म्हणून मी उशीत तोंड दाबून हसत राहिले.

मला भेटायला येणाऱ्यांची तर त्याहून गंमत. माझं तोंड बघायचं तर त्यांनाही जमिनीला टेकावं लागे. पारूकाकी गुडघे धरत, कण्हत शेजारी आडव्या झाल्या. "रागावलीस का गं माज्यावर?" त्यांनी विचारलं. इतक्या जवळून त्यांचे डोळे मी कधी पाहिले नव्हते. ते पाण्याने भरले होते. एके दिवशी चाचा खजूर घेऊन आले. तेही सहज गुडघ्यांवर बसले, कपाळ फरशीला लावून मला म्हणाले, "आमाला सवय हाय, पोरी. पयल्यांदा जड जातंय, मंग बरं वाटतंय."

बरं वाटत होतं खरं. मी काही करू शकत नव्हते. वायू आपलं काम करत होता, आई घास भरवत होती, घर चाललं होतं. मी आईला पडदा म्हणाले नसते, ते चाचांच्या कानावर गेलं नसतं, ते त्याच जीपमध्ये नसते तर? याचा उलगडा मला होत नाही आणि तो करायचा हट्टही आता उरलेला नाही. मदत आली, ती मला घेता आली, याचंच नवल वाटतं. वाकणं म्हणजे हरणं असं मी समजत होते. मी पालथी असताना मात्र मला कुणी हरवलं नव्हतं; सगळ्यांनी मिळून उचललं होतं.

बुडबुडा विरत गेला तसा वरून उजेड उतरत आला. पत्रक मी पुन्हा लिहिलं : डोळ्यात वीज, ठिपके किंवा पडदा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. देवळाच्या दारात ते पारूकाकीच वाटतात. "देवी आधी इशारा देतीया बग, वाच," असं म्हणून हातात कोंबतात. त्यावर मी आता वाद घालत नाही. लोक दवाखाना गाठतात.

आणि तो नारळ घेऊन मी देवळात गेले. नैवेद्याची वेळ होती, पडदा ओढलेला. या वेळी मी पायरीवर गेले नाही. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि थांबले. कड्या किणकिणल्या, पडदा सरकला. आधी समईची ज्योत दिसली, मग हिरवं लुगडं, खाचरांसारखं हिरवं, मग तिचे दोन मोठे उघडे डोळे. मी फरशीवर पालथी झाले आणि तशीच पडून राहिले.

"आगं ऊठ की आता," आई कुजबुजली. "आज काय डॉक्टरानं सांगितलंय व्हय?"